पाच वाक्यांचं पत्र आणि ६०८ सायटेशन्स

रेफरन्स कसा लिहायचा, एपीएमध्ये वर्ष कुठे येतं, एमएलएमध्ये पान नंबर कुठे (या रेफरन्स लिहिण्याच्या दोन ठरलेल्या स्टाइल), हे सांगणारं मटेरियल भरपूर मिळतं आणि ते शिकायला फार वेळही लागत नाही. पण रेफरन्स देतो म्हणजे आपण नक्की काय करतो, कशाची हमी घेतो, हे पहिल्या असाइनमेंटपासून थिसिसपर्यंत कोणी नीट बसवून सांगत नाही, आणि मला वाटतं अकॅडमिक रायटिंगचा पाया तिथेच आहे, फॉरमॅटिंग नंतर. म्हणून इथे एकच केस सविस्तर घेतोय. केस मेडिकलची आहे, पण तुम्ही इतिहासाचे असा, कॉमर्सचे असा की इंजिनिअरिंगचे, समजायला काही अडणार नाही, कारण यातली सगळी गडबड वाचण्यात आणि लिहिण्यात झालेली आहे.

पत्रात काय होतं

१० जानेवारी १९८० च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये संपादकांना आलेल्या पत्रांच्या पानावर एक छोटं पत्र छापून आलं. लिहिणारे दोघं, जेन पोर्टर आणि डॉ. हर्शेल जिक. दोघं बोस्टन युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरशी जोडलेल्या एका प्रोजेक्टवर होते, त्यात हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटना कुठली औषधं दिली आणि त्यांचे काय परिणाम दिसले याच्या नोंदी गोळा व्हायच्या. पत्र पाच वाक्यांचं, शंभरेक शब्दांचं. मथळ्याचा अर्थ असा की नार्कोटिक औषधं, म्हणजे मॉर्फिनसारखी जोरदार वेदनाशामकं, दिलेल्या पेशंटमध्ये व्यसन क्वचित आढळतं.

आतला मजकूर असा: अ‍ॅडमिट असलेल्या ३९,९४६ पेशंटच्या नोंदी पाहिल्या, त्यातल्या ११,८८२ जणांना निदान एकदा तरी नार्कोटिक औषध दिलेलं होतं, आणि आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमध्ये व्यसनाची बऱ्यापैकी नीट नोंद असलेल्या फक्त ४ केसेस सापडल्या, त्यातली एकच गंभीर म्हणावी अशी. पुढे या चौघांना कुठली औषधं दिली होती ते, आणि शेवटी निष्कर्ष, की हॉस्पिटलांमध्ये ही औषधं इतकी वापरली जात असूनही, आधी व्यसन नसलेल्या पेशंटना व्यसन लागणं क्वचित घडतं. संपलं पत्र.

आता यात काय नाहीये ते बघा, कारण वाचताना हा भाग आपण सगळ्यात जास्त विसरतो. डोस किती होता ते नाही, किती दिवस दिलं ते नाही, 'निदान एकदा' म्हणजे कोणाला एकच इंजेक्शन दिलं असेल तोही त्या ११,८८२ मध्ये धरलेला. व्यसन आहे हे कोणत्या कसोटीवर ठरवलं ते नाही. आणि पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय झालं याबद्दल एक अक्षर नाही. ४ भागिले ११,८८२ केलं तर ०.०३ टक्क्यांच्या आसपास येतं, आकडा अगदी नेमका वाटतो, पण तो नेमकेपणा अ‍ॅडमिट असतानाच्या नोंदींपुरताच आहे.

लेखकांनी खोटं काही लिहिलं नाही हे इथे स्पष्ट सांगायला हवं. त्यांनी आपल्या शेवटच्या वाक्यातच दोन कुंपणं घातली होती, एक म्हणजे 'हॉस्पिटलमध्ये' आणि दुसरं 'आधी व्यसन नसलेले'. पण मथळ्यात या दोनपैकी एकही कुंपण नाही! म्हणजे ज्याने फक्त मथळा वाचला त्याच्या हातात पत्रापेक्षा बराच मोठा दावा आला. मथळा वाचून पेपर समजला असं मानायची सवय किती महाग पडू शकते ते इथूनच दिसायला लागतं.

पुढे काय झालं

त्या काळात कॅन्सर नसलेल्या पण वर्षानुवर्षं दुखणं सहन करणाऱ्या लोकांना ओपिऑइड औषधं (पत्रात ज्यांना नार्कोटिक म्हटलंय तीच) द्यावीत का हा वाद जोरात होता. दुखणं हा खरा प्रश्न होता, डॉक्टर व्यसनाच्या भीतीने पेशंटना तळमळत ठेवतात ही तक्रारही खोटी नव्हती, त्यामुळे 'भीती बाळगू नका' असं म्हणायला काहीतरी पुरावा हवा होता आणि हे पत्र आयतं मिळालं. १९८६ मध्ये पेन नावाच्या जर्नलमध्ये अशा जुनाट दुखण्याच्या पेशंटवर एक पेपर आला, पेशंट अवघे ३८, त्यातही या पत्राचा आधार घेतलेला होता. १९९० मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या एका लेखात हेच पत्र 'विस्तृत अभ्यास' झालं. २००१ मध्ये टाइम मासिकात ते 'मैलाचा दगड ठरलेला अभ्यास' झालं. पत्र तेच, पाच वाक्यांचं, त्यात एका शब्दाची भर पडली नव्हती, वाढत होतं ते फक्त त्याच्याबद्दलचं वर्णन.

मधल्या काळात, डिसेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन या ओपिऑइड औषधाला मंजुरी मिळाली आणि १९९६ पासून पर्ड्यू फार्मा या कंपनीने ते बाजारात आणलं. डॉक्टरांना सांगितलं जायचं की व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी. हे औषध लोक घरी, गोळ्यांच्या रूपात, महिनोन्महिने घेणार होते. पत्रातले पेशंट हॉस्पिटलच्या खाटेवर होते, औषध नर्सच्या हातून मिळत होतं. या दोन परिस्थिती एकमेकींच्या जवळपासही नाहीत. २००७ मध्ये पर्ड्यूशी संबंधित कंपनीने, औषधाच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि साधारण ६० कोटी डॉलर भरले. एका पत्रामुळे ओपिऑइडचं संकट, म्हणजे अमेरिकेतली या औषधांच्या व्यसनाची लाट, आलं असं म्हणणं मात्र चुकीचं होईल, कारणं पुष्कळ होती, मार्केटिंग होतं, धोरणं होती, पैसा होता. पत्राने काय केलं तर त्या सगळ्याला एक रेफरन्स नंबर दिला, आणि वाक्याच्या शेवटी तो नंबर दिसला की वाचणारा बहुतेक वेळा पुढे विचारत नाही.

मग जून २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी एक मोजणी छापली. १९८० पासून या पत्राचा उल्लेख कुठेकुठे झाला ते शोधून प्रत्येक उल्लेख वाचला. एकूण ६०८ सायटेशन्स. त्यातल्या ४३९ ठिकाणी, म्हणजे ७२.२ टक्के, हे पत्र 'व्यसन क्वचित लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि ४९१ ठिकाणी, म्हणजे ८०.८ टक्के, पत्रातले पेशंट हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होते ही गोष्टच सांगितली नव्हती. त्याच काळात त्याच जर्नलमध्ये छापलेल्या इतर ११ पत्रांशी तुलना केली तर त्यांची मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) सायटेशन्स ११. ऑक्सिकॉन्टिन बाजारात आल्यानंतर या पत्राची सायटेशन्स वाढलेली दिसतात हेही त्यांनी दाखवलं.

मला यातला दुसरा आकडा, तो ४९१ चा, पहिल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो. पहिल्या आकड्यावर कोणी म्हणू शकतं की मत वेगळं असू शकतं. पण पेशंट कोण होते हे न सांगणं हा मताचा भाग होत नाही, ते पत्र उघडून वाचलेल्या माणसाच्या हातून सुटायलाच नको, पाच वाक्यांत सुटणार तरी कसं?

हे होतं कसं

इतक्या शिकलेल्या लोकांनी मुद्दाम खोटं लिहिलं असं मानायची गरज नाही. टेबलावर काय घडतं ते बघितलं की पुरे. एक जण मूळ पत्र वाचतो आणि लिहितो की अ‍ॅडमिट असलेल्या, आधी व्यसन नसलेल्या पेशंटमध्ये व्यसन क्वचित नोंदलं गेलं. दुसरा पहिल्याचा पेपर वाचतो, त्याला शब्दमर्यादा आहे, तो 'अ‍ॅडमिट असलेल्या' हे गाळतो. तिसऱ्याला इन्ट्रोडक्शनमध्ये एक पार्श्वभूमीचं वाक्य हवंय, तो 'आधी व्यसन नसलेल्या' हेही गाळतो आणि 'नोंदलं गेलं' चं 'लागतं' करतो. चौथा लिहितो की अभ्यासातून सिद्ध झालंय. आणि दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत सगळे रेफरन्स मात्र देतात १९८० च्या मूळ पत्राचा! प्रत्येकाने थोडंसंच बदललं, प्रत्येकाला वाटलं आधीच्याने तपासलं असणार. ही साखळी मी उदाहरण म्हणून मांडली आहे, पण कुठल्याही विषयातलं एखादं फार गाजलेलं वाक्य घेऊन मागे मागे गेलात तर अशा पायऱ्या सापडतात.

लोक मूळ न वाचता रेफरन्स उचलतात याचा एक वेगळाच पुरावा २००३ मध्ये दोन संशोधकांनी मांडला, सिमकिन आणि रॉयचौधरी. त्यांनी फिजिक्समधला १९७३ चा एक प्रसिद्ध पेपर घेतला, ज्याची ४३०० च्या आसपास सायटेशन्स होती, आणि त्या सायटेशन्समधल्या छपाईच्या चुका मोजल्या, म्हणजे व्हॉल्यूम, वर्ष, पान नंबर यातल्या. चुका निघाल्या १९६, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान नंबरची एकच चूक जशीच्या तशी ७८ वेळा आलेली. आता ७८ लोक आपापलं वाचून नेमकी तीच चूक करतील हे शक्य आहे का? साहजिकच लिस्ट बघून लिस्ट कॉपी झाली. त्यावरून त्यांचा अंदाज असा की मूळ पेपर वाचून रेफरन्स देणारे साधारण पाचातला एक. हा अंदाज एका ठराविक मॉडेलवर बांधलेला आहे आणि त्यावर वाद घालता येईल, पण ती ७८ वेळा आलेली एकच चूक तर समोर छापलेली आहे.

पोर्टर-जिकच्या वेळी एक अडचण खरी होती, जुने अंक ऑनलाइन नव्हते, पत्र वाचायचं तर लायब्ररीत जाऊन बांधलेला खंड काढावा लागायचा. आज ती सबब उरलेली नाही. त्या पत्राच्या ऑनलाइन पानावर आता संपादकांनी सूचना लावली आहे की हे पत्र फार मोठ्या प्रमाणावर आणि चिकित्सा न करता उद्धृत झालंय. मूळ पान उघडणाऱ्याला ती दिसते, दुसऱ्याच्या लिस्टमधून ओळ उचलणाऱ्याला दिसत नाही.

बरं, लायब्ररीत न जाताही एक खूण हाताशी होती. रेफरन्समध्येच लिहिलेलं असायचं, खंड ३०२, पान १२३. एकच पान. चाळीस हजार पेशंटचा 'विस्तृत अभ्यास' एका पानात मावेल का, एवढा प्रश्न मनात आला असता तरी पुरलं असतं. तुम्हीही लिस्ट वाचताना पानांची संख्या बघत जा, एक-दोन पानांचं काही असेल तर ते पत्र, संपादकीय किंवा परिषदेचा सारांश असण्याची शक्यता असते, आणि त्यांची तपासणी पूर्ण रिसर्च पेपरसारखी झालेली असेलच असं नाही. गूगल स्कॉलरवर सगळं एकसारखं दिसतं, निळी ओळ आणि खाली सायटेशनचा आकडा, आणि तो आकडा मोठा असला की पेपर भारी असं आपोआप वाटतं. ६०८ हा आकडाही असाच भारी दिसत होता.

तुमच्या असाइनमेंटमध्ये हे कसं उतरवायचं

समजा तुम्हाला याच पत्राचा उल्लेख करायचाय. 'ओपिऑइड औषधांनी व्यसन क्वचितच लागतं' असं लिहून पुढे पोर्टर आणि जिक, १९८० असं टाकलं तर फॉरमॅट शंभर टक्के बरोबर आणि वाक्य चूक. त्याऐवजी असं लिहिता येईल: 'पोर्टर आणि जिक यांनी १९८० मध्ये एका छोट्या पत्रात नोंदवलं की हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असताना नार्कोटिक औषध मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी, आधी व्यसन नसलेल्या ४ जणांमध्येच व्यसनाची नोंद सापडली, औषधाचा डोस, कालावधी आणि डिस्चार्जनंतरची स्थिती पत्रात दिलेली नाही.' लांब झालं, हो. पण वाचणाऱ्याला हे पत्र कुठवर पुरतं आणि कुठे संपतं ते कळलं, आणि गाईडने 'हे कशावरून' विचारलं तर तुमच्याकडे उत्तर आहे.

क्रियापदाकडे जरा जास्तच लक्ष द्या, कारण बहुतेक घोळ तिथे होतो. 'नोंदवलं', 'आढळलं', 'सुचवतं', 'सिद्ध केलं' या चारमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि विद्यार्थी ते आलटून-पालटून वापरतात, फक्त तोच शब्द परत नको म्हणून. शब्द परत आला तरी चालेल हो, पण स्रोताने जेवढं केलंय त्याच्या वरचं क्रियापद वापरू नका.

नोट्स काढतानाच ही काळजी घेतली तर पुढचं अर्धं काम वाचतं. प्रत्येक स्रोतासाठी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा की कोणावर किंवा कशावर अभ्यास केला, कसा केला, काय सापडलं आणि लेखकांनी स्वतः कुठली मर्यादा सांगितली, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पान नंबर. अ‍ॅबस्ट्रॅक्टवरून नोट काढली असेल तर तसं ठळक लिहा, 'फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचलं', म्हणजे दोन महिन्यांनी रात्री चॅप्टर लिहिताना तुम्हाला असं वाटणार नाही की आपण हा पेपर वाचलेला आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये सॅम्पल कुठून घेतला, किती जण मध्येच गळाले, हे बरेचदा नसतं. ज्या पेपरवर तुमचा मुख्य मुद्दा उभा आहे त्याचा मेथड सेक्शन कंटाळा आला तरी पूर्ण वाचा. पार्श्वभूमीच्या एका वाक्यासाठी घेतलेल्या पेपरला एवढा वेळ देणं सगळ्यांना जमणार नाही हे मलाही मान्य आहे, पण निदान तो उघडून तुमच्या वाक्याला आधार देणारी जागा त्यात शोधा. जागा सापडली नाही तर रेफरन्स द्यायचा नाही.

मूळ स्रोत मिळतच नसेल, खूप जुना असेल, किंवा न येणाऱ्या भाषेत असेल, तर दुसऱ्याच्या पेपरमधून घेतलंय असं उघड लिहिण्याची पद्धत बऱ्याच स्टाइलमध्ये आहे. अमुकने तमुकचा हवाला देऊन म्हटल्याप्रमाणे, आणि लिस्टमध्ये तुम्ही प्रत्यक्ष वाचलेला पेपर. यात कमीपणा काहीच नाही. पण त्याआधी लायब्ररियनला एकदा विचारा, दुसऱ्या लायब्ररीकडून मागवून देण्याची सोय बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये असते आणि विद्यार्थी ती वापरतच नाहीत.

चॅटबॉटकडून रेफरन्स घेणाऱ्यांसाठी तर ही केस आणखी महत्त्वाची आहे. पोर्टर आणि जिकचं पत्र निदान अस्तित्वात तरी होतं. चॅटबॉट कधीकधी असा रेफरन्स देतो की लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष शोभणारं, आणि तो पेपर कधी छापलाच गेलेला नाही. डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, टाकून पान उघडतं का, आणि उघडलं तर त्यावर तेच नाव आहे का, हे बघायला मिनिटही लागत नाही. आणि पेपर खरा निघाला तरी त्याचा सारांश चॅटबॉटने केलेला असेल तर तुम्ही साखळीतल्या तिसऱ्या माणसाच्या जागी उभे आहात, कुंपणाचे शब्द गळालेत की नाही हे मूळ उघडल्याशिवाय कळणार नाही.

राहिला एक प्रश्न जो मला नेहमी विचारला जातो, की पेपर उघडला आणि कळलं तो माझ्या वाक्याला आधारच देत नाही, सबमिशन उद्या आहे, मग काय? बहुतेक जण दुसरा पेपर शोधून त्याच वाक्याला चिकटवतात. तसं करू नका, वाक्य बदला. स्रोत जेवढं म्हणतो तेवढंच वाक्य ठेवा, आणि तुम्हाला म्हणायचं होतं पण आधार मिळाला नाही तो भाग वेगळा लिहून ठेवा, कारण रिसर्च गॅप म्हणून जे शोधत आपण महिनोन्महिने फिरतो ते पुष्कळदा नेमकं इथेच असतं. १९८० चं ते पत्र नीट वाचून कोणी कागदावर लिहिलं असतं की यात न आलेलं काय, तर एक अगदी सरळ, अभ्यास करण्याजोगा प्रश्न तयार झाला असता: हीच औषधं जे लोक घरी, स्वतःच्या हाताने, सहा महिने किंवा वर्षभर घेतात, त्यांच्यातल्या किती जणांना ती सोडता येत नाहीत?